दिव्यांग भावाला नोकरी चालून आलीय, पण संजय गांधीचे पैसे बंद होतील. काय करावं?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, माहितीतल्या लोकांनी वेळ काढून नक्की सांगा.

माझा धाकटा भाऊ, वय २६, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. युडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं ओळखपत्र) ६५ टक्के अपंगत्व आहे. वॉकर घेऊन चालतो, बोलताना अडखळतो त्यामुळे नवख्या माणसाला दोनदा ऐकावं लागतं, पण डोकं एकदम तल्लख. बारावी कॉमर्स केलंय, एका हाताने मराठी टायपिंग करतो आणि हिशोबात तर मला गप्प बसवतो. वडील नाहीत, तो आईबरोबर गावी असतो, मी पुण्यात. त्याला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात, दीड हजार होते ते ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी अडीच हजार झाले.

आता तालुक्याच्या गावी एका खत-बियाणांच्या दुकानात बिलिंगला बोलावलंय. अर्धा दिवस काम, महिना साडेसात हजार. मालक माणूस म्हणून चांगला वाटला, दुकान तळमजल्यावर आहे, बसायला नीट जागा आहे. अडचण अशी की योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. साडेसात गुणिले बारा म्हणजे ९० हजार. म्हणजे पेन्शन गेलीच. एसटीत ७५ टक्के सवलत आहे पण वॉकर घेऊन त्या पायऱ्या चढणं त्याला जमत नाही, म्हणून रिक्षा ठरवावी लागणार, रिक्षावाला महिना तीन हजार म्हणतोय. म्हणजे हातात साडेचार. एकीकडे घरबसल्या खात्रीचे अडीच, दुसरीकडे बिनखात्रीचे साडेचार. आणि सहा महिन्यांनी मालकाने बंद केलं तर? आई म्हणते आहे ते सोडू नका. भाऊ म्हणतो मला जायचंय. मला दोघांचं पटतंय.

सहज_एक
पाठवा त्याला. २६ वर्षांचा मुलगा घरात बसवून ठेवू नका.

मीनल_ठाणे
आधी एक विचारते, अपॉइंटमेंट लेटर देणार आहेत का? पगार खात्यात की हातात? दुकानात माणसं किती? दहा किंवा जास्त असतील तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं, आणि दिव्यांग कामगाराला त्याची पगारमर्यादा २१ ऐवजी २५ हजार आहे. आमच्या मुलाला (कर्णबधिर, खाजगी कंपनीत पॅकिंगला) पगारापेक्षा त्या ईएसआय कार्डाचा जास्त उपयोग झालाय. छोट्या दुकानात हे नसणार, पण विचारून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
काहून सांगता भाऊ कोणाले? रोख पगार घ्या, कागदावर काहीच नाही, पेन्शनही चालू अन् नोकरीही चालू. तालुक्यात अर्धे लोक असंच करतात.

निवृत्त_कारकून
मी तहसीलला संजय गांधी शाखेत बरीच वर्षं होतो म्हणून लिहितो. घाटमाथा, सरळ सांगतो. या योजनेत नोकरी लागली की आपोआप कळेल अशी काही तार जोडलेली नाही. अर्ज सेतूतून नाहीतर आपले सरकारवरून येतो, तलाठी चौकशी करतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, मग समितीच्या बैठकीत मंजुरी, नंतर आधार जोडलेल्या खात्यात पैसे. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला आणि अधूनमधून उत्पन्नाची फेरतपासणी. त्या तपासणीत सापडलं की लाभ बंद, आणि वर वसुलीची नोटीस निघू शकते. वसुलीची नोटीस घेऊन रडत आलेली माणसं मी टेबलासमोर पाहिलीत, खर्च झालेले पैसे कुठून आणणार ती?

वऱ्हाडी_ठेचा, तुमचा सल्ला मनापासून असेल पण या पोराला धोक्याचा आहे. २०२४ मध्ये त्या प्रोबेशनर आयएएस बाईंचं दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण झाल्यापासून सगळीकडे पडताळणी कडक झालीय. दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ मध्ये दिव्यांगांसाठीचा लाभ फसवून घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. खऱ्या दिव्यांग मुलाला त्या कलमाच्या जवळपास तरी कशाला न्यायचं? शिवाय रोख पगारात त्याच्या अनुभवाचा एक कागद तयार होत नाही. पुढची नोकरी मागायला गेला तर दाखवणार काय?

आणि हे पण बघा, तुमचं नाव आईच्या रेशनकार्डावर आहे का? असेल तर चौकशीत तुमचा पगारही विचारात येऊ शकतो.

घाटमाथा
नाही, लग्नानंतर वेगळं केलं रेशनकार्ड. रोख वगैरे आम्हाला करायचंच नाही, भाऊच तयार होणार नाही. बंद झाल्यावर परत चालू करायचं कसं, हे मला कळत नाहीये.

निवृत्त_कारकून
माझ्या काळात एकदा नाव कमी झालं की नव्याने अर्ज घ्यायचो. नवीन उत्पन्नाचा दाखला, नवीन चौकशी, मग बैठक लागेल तेव्हा मंजुरी. बैठक वेळेवर लागली तर ठीक, निवडणूक आचारसंहिता आली किंवा समितीच बरखास्त असली की मधले महिने गेले ते गेले. आईंची भीती खोटी नाही एवढंच म्हणतो.

स्पष्टवक्ता_नगर
थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. योजनेच्या नावातच निराधार आहे. ज्याला पगार सुरू झाला त्याने ती जागा सोडावी, म्हणजे ज्याच्यामागे कोणीच नाही अशा म्हातारीला ती मिळेल. आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या, डोळ्यांनी अजिबात न दिसणाऱ्या बाईंचा अर्ज दाखल्यांवाचून पडून राहिला आणि ट्रॅक्टरवाल्याचं नाव यादीत होतं. पैसा मर्यादित आहे, तो आधी तळाला पोचायला हवा. घाटमाथांच्या भावाने नोकरी घ्यावी, पेन्शन सोडावी, यात अन्याय काय आहे?

अनघा_के
स्पष्टवक्ता, ट्रॅक्टरवाल्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण साडेसात हजारवाला मुलगा आणि ट्रॅक्टरवाला एका रांगेत नाहीत हो.

मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, बँकेत नोकरी करते. पगार सुरू झाला म्हणून माझं अपंगत्व कमी झालं नाही, उलट खर्च वाढला. घरात बसलेली होते तेव्हा रिक्षा लागत नव्हती. नोकरी लागल्यावर रोजची ठरलेली रिक्षा, तो आला नाही की टॅक्सी, पावसाळ्यात वेगळाच भाव. वॉकरच्या पायांची रबरं घ्या, घरात फिरताना वर्ष चालतात, डांबरी रस्त्यावर आणि बसस्टँडच्या खडीवर काही महिन्यांत झिजून आतली नळी बाहेर येते आणि मग फरशीवर वॉकर घसरतो. हे बदलायला तालुक्याला दुकान सापडत नाही, शहरातून मागवावं लागतं. बुटाला एका बाजूने जास्त झीज, म्हणून बूट लवकर. हे सगळं चालत्या माणसाला लागत नाही. त्यामुळे हा पैसा उत्पन्न नाही म्हणून द्यायचा की अपंगत्वाचा खर्च आहे म्हणून द्यायचा, हे आधी ठरवायला हवं.

आणि सरकारला हा खर्च माहीत नाही असं अजिबात नाही. आयकरात ८०यूची वजावट आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग असाल तर जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. पगार कितीही असो, वजावट सगळ्यांना तेवढीच, बिलंसुद्धा मागत नाहीत. मी ती घेतली आहे. म्हणजे माझ्यासारख्या कर भरणाऱ्या बाईला अपंगत्वाचा जादा खर्च आहे हे सरकार मान्य करतं, आणि घाटमाथांच्या भावाला मात्र घरात सगळे मिळून वर्षाला ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजार एकशे काही रुपयांच्या वर गेलात की तुमचा खर्च संपला असं सांगतं. माझ्यापेक्षा त्याला त्या पैशाची गरज जास्त आहे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं आणि मी जमेल तिथे हे बोलते.

स्पष्टवक्ता_नगर
८०यूचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. वजनदार आहे. पण मग मर्यादा किती ठेवायची? काढूनच टाकली तर परत ट्रॅक्टरवाला आत येणार.

अनघा_के
काढू नका, वाढवा. आणि एका दिवसात पूर्ण बंद न करता हळूहळू कमी करा. पगार वाढेल तसे पैसे थोडे थोडे कमी होत जाऊदेत. आज काय होतंय, ५० हजारांवर एक रुपया गेला की वर्षाचे ३० हजार जातात. कोण उडी मारेल अशी?

चिमण
घाटमाथा, भाऊ बिलिंगला बसला की या धाग्यावरच्या सगळ्यांना युरियाच्या गोणीमागे डिस्काउंट मिळेल ना? माझी आधीच नोंदणी करून ठेवा.

घाटमाथा
चिमण, भावाला दाखवलं, खूप हसला. म्हणाला डिस्काउंट नाही पण बिल चुकणार नाही.

डेट्रॉईटकर
इथे अमेरिकेत माझ्या दिराला अपघातानंतर एसएसडीआय मिळतं. कामाच्या वर्षांत भरलेल्या वर्गणीवर मिळणारी ती मदत आहे, त्यामुळे आपल्या निराधार योजनेशी थेट तुलना होणार नाही, पण एक तरतूद सांगण्यासारखी आहे. माणसाला काम करून बघायचं असेल तर नऊ महिन्यांची चाचणीची मुदत देतात, त्या महिन्यांत पगार आणि मदत दोन्ही. हे महिने सलग असायची पण गरज नाही. पुढे काम जमलं आणि मदत बंद झाली, आणि पाच वर्षांच्या आत त्याच दुखण्यामुळे काम सोडावं लागलं तर संपूर्ण नवीन अर्ज न करता परत चालू करायची सोय आहे. दीर म्हणूनच घराबाहेर पडला. परतीची वाट आहे हे माहीत असलं की माणूस पाऊल टाकतो.

सगळंच चांगलं आहे असं मात्र समजू नका. गरिबांसाठी एसएसआय नावाची दुसरी योजना आहे, तिथे एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, आणि हा आकडा १९८९ पासून तोच आहे. लोक बचत करायला घाबरतात.

निवृत्त_कारकून
परतीची वाट हा शब्द बरोबर सापडला. आपल्याकडे शासन निर्णयात "लाभ स्थगित, नोकरी सुटल्यास दाखल्यावर पूर्ववत" एवढं एक वाक्य घातलं तरी हजारो घरांतली ही भीती जाईल. तहसीलदारांचं कामही वाढत नाही, उलट चौकशी एकदाच.

पोस्टातला_माणूस
इथे एक उदाहरण जोडतो. केंद्रीय कर्मचाऱ्याच्या दिव्यांग मुलाला आईवडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. आधी त्याला उत्पन्नाची मर्यादा नऊ हजार अधिक महागाई अशी एकच होती, त्यामुळे मुलगा जरा कमवायला लागला की संपलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते बदललं, मुलाचं बाकीचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई यापेक्षा, कमी असलं की तो पात्र. म्हणजे नियम बदलता येतात. केंद्राच्या नोकराच्या मुलासाठी जे झालं ते शेतमजुराच्या मुलासाठीही व्हावं.

कोकणी_मेवा
विषयाला थोडं सोडून लिहिते पण मनात साठलंय. माझी बहीण, दोन्ही हातांची बोटं वाकलेली. प्रत्येक वेळी केवायसी म्हटलं की अंगठा घेतच नाही मशीन. तो सेंटरवाला मुलगा तिचं बोट धरून काचेवर दाबतो, पुसतो, परत दाबतो, मागे रांगेतले लोक चुकचुकतात, आणि ती मला म्हणते चल जाऊ आपण, नको ते पैसे. आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं की डोळ्यांनी पण ओळख पटवता येते. दुसऱ्या सेंटरला आयरिसचं मशीन होतं, तिथे पटकन झालं. कोणाला असा त्रास असेल तर आधी आयरिस आहे का विचारा, बोटावर ताटकळू नका.

रानवारा
कोकणी_मेवा, खूप उपयोगी. माझ्याकडून जुन्या सर्टिफिकेटवाल्यांसाठी एक भर. २०१२ च्या आसपासपासून ते सरकारच्या एसएडीएम सॉफ्टवेअरवरचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र असायचं, ते ज्यांच्याकडे अजून आहे त्यांनी युडीआयडी करून घ्या, आता प्रत्येक ठिकाणी तेच मागतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा, हॉस्पिटल निवडायचं, मग तपासणीला बोलावतात. २०२४ च्या सुधारित नियमांत कार्डाला रंगाचे पट्टे आलेत, ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० च्या पुढे निळा. आणि प्रमाणपत्र द्यायची मुदत एक महिन्याची तीन महिने केलीय, त्यामुळे कॉलेज प्रवेश किंवा परीक्षेच्या तोंडावर धावपळ करू नका, आधीच टाकून ठेवा.

आमच्या भागात तपासणीचा डॉक्टरांचा बोर्ड बसतो ती खोली वरच्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद होती तेव्हा वडिलांना मी आणि एका अनोळखी मुलाने खुर्चीसकट उचलून नेलं. पायांची तपासणी वरच्या मजल्यावर ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतः त्या जिन्याने कोणाला तरी उचलून न्यावं असं मला फार वाटतं.

जान्हवी_रा
घाटमाथा, मी विशेष शिक्षिका आहे, भावासाठी काही कामाच्या गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे निरामय आरोग्य विमा. राष्ट्रीय न्यासाचा आहे, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही धरतात आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. घेतला नसेल तर घ्याच, नोकरी असो नसो. याचा पेन्शनशी काही संबंध नाही.

दुसरं, त्याला या दुकानावर थांबवू नका. बारावी आणि टायपिंग आहे, सरकारी भरतीत ४ टक्के आरक्षण आहे (१९९५ च्या कायद्यात ३ होतं, २०१६ च्या कायद्याने ४ केलं), सेरेब्रल पाल्सी अस्थिव्यंग गटात १ टक्क्यात येते. एमपीएससीला दिव्यांगांची वयोमर्यादा ४५ आहे, म्हणजे त्याच्याकडे भरपूर वेळ आहे. लेखनिक मिळतो, आणि तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात. फॉर्म भरतानाच हे मागायचं, परीक्षेच्या दिवशी मागून काही उपयोग नसतो, माझ्या एका विद्यार्थ्याचं वर्ष त्यातच गेलं. महास्वयमवर (राज्याचं रोजगार पोर्टल) नाव नोंदवा. मुंबईला दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे, तिथे कोणतं काम जमेल याचं मूल्यमापन आणि प्रशिक्षण होतं.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर जिल्हा परिषद समाजकल्याणची बीज भांडवल योजना आहे, दीड लाखापर्यंतच्या व्यवसायाला ८० टक्के बँकेचं कर्ज आणि २० टक्के, जास्तीत जास्त ३० हजार, अनुदान. पीएमईजीपीमध्ये (धंद्यासाठी केंद्राची कर्ज-अनुदान योजना) दिव्यांग विशेष गटात येतात, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. शिवाय दिव्यांग वित्त व विकास महामंडळाचं कर्ज आहे.

वऱ्हाडी_ठेचा
माझा आधीचा सल्ला कारकून साहेबांनी खोडला, कलमाचं मला ठाऊक नव्हतं. पण हे धंद्याचं बेस्ट वाटते. झेरॉक्सचं दुकान टाका, तहसीलसमोर, मरण नाही.

अनघा_के
वऱ्हाडी भाऊ, तुमच्यावर राग नाही पण या झेरॉक्सवर मला बोलायचंच आहे. दिव्यांग दिसला की झेरॉक्स, टपरी, पीसीओ, शिलाई मशीन. माझ्या दहावीनंतर नातेवाईकांनी हेच सुचवलं होतं. ज्याला धंद्याची हौस आहे त्याने जरूर करावा. पण धंद्याला जोखीम पेलणारा माणूस लागतो, आणि ज्या मुलाच्या घरात अडीच हजार जातील म्हणून आई झोपत नाही त्याला आपण कर्ज काढ म्हणतोय. पगारी नोकरीत चार माणसांत बसणं, डबा वाटून खाणं, पहिल्या तारखेला घरी पैसे देणं, हे पण त्याला मिळू दे की.

खाजगीवाल्यांवर सक्ती नाही. कायद्याच्या कलम ३५ मध्ये सरकारने मालकांना प्रोत्साहन द्यावं, म्हणजे किमान ५ टक्के दिव्यांग कामगार होतील, एवढंच आहे. पण तालुक्यातल्या बियाणांच्या दुकानदारापर्यंत ते प्रोत्साहन पोचत नाही. तो मालक स्वतःच्या मनाने देतोय नोकरी, म्हणून त्याचं मला कौतुक वाटतं.

लालपरी
सरकारी नोकरीचा विषय निघालाच आहे तर हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहितो. माझे काका ड्रायव्हर होते. नोकरीत असताना नजर गेली. डेपोतल्या कोणीतरी त्यांना सांगितलं राजीनामा लिहून द्या, ऐच्छिक निवृत्ती घ्या, आणि ते सही करायलाच निघाले होते. चुलत भावाने दिव्यांग कायदा काढला. कलम २०, पोटकलम ४. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर नेता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारात दुसरं पद, आणि तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या, पदावर ठेवायचं. अर्ज दिला, पाठपुरावा केला, काका तिकीट विभागात गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. कोणीही घाईत राजीनाम्यावर सही करू नका!

मीनल_ठाणे
लालपरी, हे वेगळ्या धाग्यावर पण टाका प्लीज. खूप जणांना उपयोग होईल.

पेणकर
मूळ प्रश्नाकडे येऊया का? रिक्षाचे तीन हजार हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडे बहुतेक वर्षी त्यातून डबे नाहीतर चादरी वाटायचे. यंदा दिव्यांगांनी ग्रामसभेत एकत्र उभं राहून विचारलं की निधी किती जमा झाला आणि आम्हाला न विचारता चादरी का घेतल्या? ग्रामसेवकाने सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला आणि त्या निधीतून दोघांच्या तीनचाकीच्या दुरुस्तीला पैसे दिले. घाटमाथा, तुमच्या गावात लेखी मागा. रिक्षाचं भाडं कदाचित देणार नाहीत, पण तीनचाकी स्कूटरला हातभार मिळाला तर रिक्षाच सुटेल. भावाला चालवता येईल का?

घाटमाथा
त्याचा उजवा हात नीट चालतो, डाव्याला ताठरपणा आहे. डॉक्टरांना विचारून बघतो. हे सुचलंच नव्हतं.

सगळं आईला फोनवर वाचून दाखवलं. अनघाताईंचं रबराचं ऐकून म्हणाली, यांना कसं माहीत, आपलं पण असंच झिजतं. आम्ही ठरवलंय, तो नोकरी घेणार. मालकाशी बोललो, लेटर द्यायला आणि पगार खात्यावर टाकायला तयार आहे. दुकानात पाचच माणसं म्हणून ईएसआय नाही, पण निरामयचा फॉर्म भरतोय. रिक्षावाल्याने गावातली अजून एक सवारी जोडून घेतली तर दोन हजारात येतो म्हणाला. महिन्याला एक हजार मी त्याच्या नावाने वेगळे ठेवणार, मध्येच नोकरी सुटली तर नवीन अर्ज मंजूर होईपर्यंत कामाला येतील.

कारकूनसाहेब, तहसीलला कळवायचं पत्र कसं लिहू?

निवृत्त_कारकून
छान केलंत. पत्र तहसीलदारांच्या नावे, संजय गांधी शाखा. लाभार्थ्याचं नाव, युडीआयडी क्रमांक, खातं ज्या बँकेत आहे ती शाखा. मजकूर असा: "अमुक तारखेपासून मी अमुक ठिकाणी दरमहा इतक्या पगारावर कामाला लागलो आहे. त्यामुळे माझे उत्पन्न विहित मर्यादेपेक्षा जास्त होईल. तरी नियमानुसार कार्यवाही व्हावी. सदर काम खाजगी व अस्थायी असून ते बंद झाल्यास मी पुन्हा लाभासाठी अर्ज करणार आहे, त्या वेळी माझ्या या पत्राची नोंद घ्यावी." सोबत नियुक्तिपत्राची प्रत. सही भावाने स्वतः करावी, तो सज्ञान आहे, तुम्ही नको.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, कोणी उद्या या म्हटलं तरी तिथेच थांबा. पत्र दिल्यावरही पैसे येत राहिले तर ते वेगळे ठेवा, खर्च करू नका, आणि पुन्हा लेखी कळवा. दुकान बंद झालं किंवा काम सुटलं तर मालकाकडून त्याच आठवड्यात तसं पत्र घ्या, नवीन उत्पन्नाच्या दाखल्याला तेच लागेल.

अनघा_के
आणि एक प्रत आमदारांच्या ऑफिसला. सोबत अर्धं पान, की ५० हजारांच्या मर्यादेमुळे नोकरी घेणाऱ्या दिव्यांगाचं काय होतं, तुमच्या घरचे आकडे घालून. पेन्शन सहाशेची हजार, हजारची दीड हजार, दीडची अडीच झाली, लोकांनी मागितलं म्हणून झाली. मर्यादेचं पण तसंच मागावं लागेल. मुंबईला २०२२ पासून दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं आहे, पुण्याला आयुक्तालय आहे, दोन्हीकडे पाठवा. मी माझ्या बाजूने मसुदा करते, ज्यांना सही करायची आहे त्यांनी मला इथे व्यक्तिगत निरोप पाठवा.

स्पष्टवक्ता_नगर
मसुद्यात मर्यादा वाढवणं, टप्प्याटप्प्याने कमी होणं आणि नोकरी सुटल्यावर पूर्ववत होणं हे तिन्ही असेल तर माझी सही धरा. आणि ट्रॅक्टरवाल्यांची चौकशी करा हे पण घाला.

अनघा_के
घालते.

पहिल्यांदाच_लिहिते
नमस्कार, धागा पूर्ण वाचला. माझ्या बहिणीचं कार्ड पांढरं आलंय, ३५ टक्के. तिला यातलं काही मिळेल का?

जान्हवी_रा
पेन्शन आणि नोकरीतलं आरक्षण ४० टक्क्यांपासून आहे, त्यामुळे ते नाही. पण भेदभाव करायचा नाही हे कायद्याचं संरक्षण टक्केवारी कितीही असली तरी आहे. शाळेत किंवा कामावर तिला काही सोय लागत असेल, बसायची जागा, मोठ्या अक्षरातले कागद, तर ती हक्काने लेखी मागा. टक्केवारी चुकीची वाटत असेल तर निर्णयावर अपील करता येतं, ९० दिवसांच्या आत. बहिणीला नेमकं काय आहे आणि कार्ड कधी आलं ते लिहा, मग नीट सांगते.